एका छत्रीवर दोन डबे

आबा, एका छत्रीवर टीव्हीचे दोन डबे चालतात. आज दुपारपासून चालताहेत. वर आईनं कीर्तन लावलंय, खाली काकानं कुठला तरी जुना मारामारीचा सिनेमा लावलाय, आणि कुठे धूर नाही, जळका वास नाही, कुणाचं चित्र साधं थरथरतसुद्धा नाही. घराच्या धाब्यावरच्या डिशला तुम्ही शेवटपर्यंत छत्रीच म्हणालात, आणि शेवटपर्यंत गल्लीत एकच सांगत राहिलात की एका छत्रीवर दोन डबे लावले की जळतात, मी भोगलंय. तुम्ही इतक्या ठामपणे सांगायचात की आपल्या गोडादऱ्याच्या गल्लीत सख्ख्या भावांनी दोन-दोन छत्र्या बसवल्या. एकाच धाब्यावर एकमेकींकडे पाठ केल्यासारख्या त्या अजून उभ्या आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं. तर आज मी तुम्हाला लेखी कळवते की ते खोटं होतं. तुम्हाला राग येणार हे माहीत आहे. येऊ द्या. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, आता बापाच्या रागाला मी घाबरत नाही.

आणि मी हे ऐकीव सांगत नाही. माझं पोटच त्याच्यावर चालतं. पोरीच्या जातीनं धाब्यावर चढायचं नाही असा तुम्ही नियम काढला होता ना, तर मी रोज दुसऱ्यांच्या धाब्यांवर चढते. लिंबायतच्या एका दुकानात आधी रिमोट दुरुस्त करायला बसले, मग डबे उघडायला लागले, मग मालकाला कंबरदुखी जडली आणि शिडी माझ्याकडे आली. आता डिश, कॅमेरे, सगळं बसवते. भेस्तानपर्यंत बोलावणी येतात. बायका खूश असतात, कारण घरात पुरुष माणूस नसताना मला आत घेता येतं. नवऱ्याला सोडून मी परत इथे वर राहायला आले तेव्हा तुम्ही नव्हतात, नाहीतर तेही तुम्ही चालू दिलं नसतं. असो. सांगायचं ते वेगळंच आहे.

तुम्ही आणि काका गावाहून एकाच गाडीनं सुरतला आलात, एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूमवर लागलात आणि दोघांनी मिळून हे घर बांधलंत. वर आपण, खाली काका-काकू. मधे लोखंडी जिना, इतका उभा की उतरताना पाठमोरंच उतरावं लागतं. तुमची दिवसपाळी, काकाची रातपाळी. तुम्ही सकाळी निघायचात तेव्हा काका कानात कापूस घालून परत यायचा, भाकरी खायचा आणि झोपायचा. त्याच्या उशाशी ढोल वाजवला तरी उठायचा नाही. बारा तास लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसाला घरातले आवाज कुठले ऐकू येतात? काकू खाली बसून साड्यांचे लटकते धागे कापायची आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून गृहपाठ करायची. वेणी माझी तीच घालायची. आईचा हात जड होता, काकूचा हलका. त्या दोन मजल्यांत भांडण म्हणून नव्हतं, आबा. मग शेठनं काकाला मास्तर केलं, सगळ्या लूमांची देखरेख आणि दुरुस्ती करणारा. धाकट्याला मास्तर, आणि तुम्ही लूमवरच. पाळी बदलताना तुमचा लूम बिघडलेला निघाला की तुम्ही त्याला हाक मारायची आणि त्यानं पाना घेऊन यायचं. तुम्ही तोंडानं काही म्हणाला नाहीत. पण घरी जेवताना तुम्ही ताट आपटून ठेवायला लागलात ते तेव्हापासून.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला खात्यात न्यायचात. मशीन साफ करायचा तो दिवस, लूम बंद, सगळीकडे कसं भयंकर शांत. मी जेवणाचा डबा घेऊन ताणा गुंडाळलेल्या बीमच्या मागे बसते आणि तुम्ही ताण्यातला एक धागा मुद्दाम तोडता. "बांध." मी बांधते. "परत." परत बांधते. दोन बोटांत दोन टोकं, एक वळसा, अंगठ्यानं दाब आणि ओढ. इतकी बारीक गाठ की कापडात शोधून सापडू नये. मी डावखुरी, त्यामुळे माझा वळसा दुसऱ्या बाजूनं पडायचा. तुम्ही गाठ डोळ्यांजवळ नेऊन हसायचात. "उलटी गाठ! आख्ख्या सुरतमध्ये अशी गाठ कोणी बांधत नसेल. कापडाच्या ढिगातून मी तुझी गाठ ओळखून काढीन." शेजारच्या लूमवाल्याला बोलावून दाखवायचात. मला वाटायचं, शाळेत पहिला नंबर आला तरी तुम्ही इतके खूश होणार नाही. धागा कापायची ती छोटी पितळी कातर तुम्ही मला तिथेच दिलीत. अजून माझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे. तिची धार गेलीय, पण चिकटपट्टी कापते.

आणि अजून एक शिकवलंत. धागा तुटला तरी चांगला कारागीर लूम थांबवत नाही. चालत्या लूममध्ये हात घालून गाठ मारतो. थांबवतो तो शिकाऊ. हे तुम्ही मला दहादा सांगितलंत, आणि तेच आपल्याला महागात पडलं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा तुम्ही छत्री आणलीत, महिन्याचं भाडं नसलेली. केबलवाला हिंदी आणि गुजराती सोडून काही दाखवायचा नाही, छत्रीवर मराठी लागायचं. काकूला तेव्हा सातवा महिना. तो उभा जिना तिला चढवेना. आधी ती संध्याकाळी वर यायची, मालिका बघायची, आईबरोबर भाजी निवडायची. ते बंद झालं. काकानं कुठूनतरी जुना डबा आणून खाली ठेवला आणि तुम्हाला म्हणाला, "दादा, तुनी छत्रीवरून एक वायर दे ना माले." तुम्ही म्हणालात, "बघू, सुट्टीला." सुट्टी आली. "बघू." पुढची आली. "बघू." मास्तरला वायर द्यायला तुमचा हात उचलत नव्हता, एवढंच होतं ते. काकू मला विचारायची, "काय गं, काल काय झालं? तिचा नवरा परत आला का?" आणि मी धागे कापता कापता सगळा भाग तिला सांगायची. मी सांगताना ती इतकी कान देऊन ऐकायची की मलाच वाईट वाटायचं.

त्या दुपारी काकू दवाखान्यात गेली होती. आई धागे कापलेल्या साड्या परत द्यायला गेली होती. काका आत घोरत होता. मी धाब्यावर गेले. वायरचा एक तुकडा तुमच्याच सामानातून घेतला. छत्रीची वायर खाली येते तिथे ती कातरीनं सोलली, आतली तांब्याची तार तांब्याच्या तारेला पिळली, वरची जाळी जाळीला पिळली. वाऱ्यानं सुटू नये म्हणून दुधाची पिशवी गुंडाळली, तिच्यावर खात्यातला धागा दहा वेळा फिरवला आणि गाठ मारली, उलटी. वायर खिडकीतून आत सोडली, काकाच्या पायांवरून ओलांडून डब्याच्या मागे लावली आणि बटण दाबलं. आवाज बंद ठेवला. आणि आबा, चित्र आलं! खाली आलं. मी धावत वर गेले, वरही होतंच. मी जिन्यावरून तीन वेळा खाली-वर केलं असेल. काकू दारातून येईल, तिला खाटेवर बसवीन आणि तिच्या हातात रिमोट देईन, एवढंच डोक्यात होतं. चौथ्या वेळेला वर गेले तर टीव्ही निळा झालेला आणि डब्याच्या जाळीतून तो वास. प्लास्टिक तव्यावर पडल्यासारखा.

का जळला ते तेव्हा कळलं नाही, आता डोळे मिटून सांगते. डबा छत्रीकडून नुसतं घेत नाही, त्याच वायरनं वर वीजही पाठवतो. छत्रीच्या तोंडाशी ते यंत्र असतं ना, एलएनबी, ते त्या विजेवर चालतं. काही चॅनलांना कमी वीज लागते, काहींना जास्त. दोन डबे एकाच वायरला पिळले की एकाची वीज दुसऱ्याच्या पोटात उलटी शिरते. त्यात मी जोडलं ते डबा चालू ठेवून. बटण बंद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, थांबवतो तो शिकाऊ. त्यात जाळीचा एक केस आतल्या तारेला टेकला असणार. स्वस्तातला डबा, त्याला कुठला आलाय धीर. चूक तुमच्या शिकवणीची आणि माझ्या हाताची, अर्धी अर्धी. लूमच्या घरातल्या पोरीनं वायरला धागा समजून केलेली चूक. काकाचा त्यात हातसुद्धा नव्हता. तो तर झोपेत होता.

मी खालचं बटण बंद केलं आणि वर येऊन चुलीपाशी बसले. पाचावर धारण बसली होती. तुम्ही पाळी संपवून आलात, टीव्ही लागेना म्हणून डबा हातात घेतलात, हुंगलात. मग वायर बघत बघत धाब्यावर गेलात. तुम्ही वर किती वेळ होतात ते मला माहीत आहे, कारण मी भाताला किती उकळ्या आल्या ते मोजत होते. खूप वेळ होतात. खाली आलात तेव्हा तुमच्या मुठीत काहीतरी होतं. तुम्ही दारात उभे राहून माझ्याकडे बघितलंत. ओरडला नाहीत. माझ्या हातांकडे बघितलंत, डाव्या हाताकडे. मला वाटलं, आता बसणार कानाखाली, आणि खरं सांगते, मी वाट बघत होते, एकदाची बसू दे आणि संपू दे. तुम्ही मूठ खिशात घातलीत, जिना उतरलात, आणि गल्लीच्या मधोमध उभे राहून काकाला हाक मारलीत. काका डोळे चोळत बाहेर आला. पाळीला निघायची त्याची वेळ झाली होती. अख्खी गल्ली ओट्यांवर होती. "चोर! भावाच्या छत्रीवर वायर टाकतोस? मास्तर झालास तरी चोर तो चोरच!" काकाला काय झालंय तेच कळेना. खिडकीतून आत गेलेली वायर तुम्ही सगळ्यांना दाखवलीत. बिचारा वायरकडे बघत राहिला. काकू दवाखान्याची पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी वर जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते, मूग गिळून.

त्या दिवसानंतर दोघा भावांत शब्द नाही. काकाचा मुलगा जन्मला, बारसं खाली झालं, आपल्याकडे पेढा आला नाही आणि तुम्ही मागितला नाहीत. काका दुसऱ्या खात्यात गेला. काकूनं मरेपर्यंत खाली केबलवर हिंदीच बघितलं. मला ती भेटायची, हसायची, पण वेणी घालायला कधी बोलावलं नाही, आणि मी कोणत्या तोंडानं जाणार होते? पुढच्या सुट्टीला मी डबा भरून दारात तयार बसले होते. तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, "तू आता मोठी झालीस. घरी बस. आणि धाब्यावर जायचं नाही." बस्स, एवढंच. तुम्ही पुन्हा कधी माझ्या हातानं गाठ मारून घेतली नाहीत. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलंय. कापडाच्या ढिगातून ओळखणार होतात ना? मग दुधाच्या पिशवीवरची ओळखणार नाही होय? तुम्ही ओळखली. ओळखून जिना उतरलात. तुम्हाला भांडण हवंच होतं, आबा. मास्तरला चार लोकांत खाली पाडायचं होतं. मी फक्त कारण पुरवलं.

माझी खात्री होती तरी पुरावा नव्हता. तुम्ही गेल्यावर तुमची पत्र्याची पेटी मी आवरली. तीत लूमच्या फणीतून धागा ओढायचे तुमचे आकडे होते, चष्मा होता, गावच्या जमिनीचे कागद होते आणि तळाशी रुमालात गुंडाळलेला वायरचा वीतभर तुकडा होता. दोन्हीकडून कापलेला, दुधाची पिशवी तशीच, धागा तसाच, गाठ तशीच. तुम्ही ती सोडवलीसुद्धा नव्हतीत. कशाला ठेवली होतीत? मला कधीतरी दाखवायला? की स्वतःला? इतकी वर्षं मी ह्यावर डोकं खाल्लंय आणि आता मला उत्तर नकोच आहे. तुम्हाला सांगायला नऊ वर्षं मिळाली होती. माणूस एकदा रागाच्या भरात बोलून जातो, ते मी समजू शकते. नऊ वर्षं रोज त्याच जिन्यावरून खाली उतरून भावाच्या दारावरून मुकाट जाणं, ते मला समजत नाही.

आता तुमच्या भावाचं ऐका. त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, गुडघे गेलेत. मुलगा भेस्तानला कारखान्यात असतो, तिथेच राहतो, पंधरा दिवसांनी येतो. केबलवाल्यानं धंदा बंद करून वायरी गुंडाळून नेल्या. म्हातारा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. मुलानं नवा डबा आणून दिला, पण छत्री लावायची कुठे? शेजारच्यांनी चार मजले चढवले, मागच्यांनी पत्र्याची खोली घातली. आपल्या धाब्याचा टाकीजवळचा एक कोपरा सोडला तर तिरकं आभाळ कुठूनच दिसत नाही, आणि त्या कोपऱ्यात आपली छत्री आहे. मी खाली गेले. म्हटलं, काका, माझ्या छत्रीवरून तुला वायर देते. तो माझ्याशी बोलतो, तुमच्यासारखा नाही तो. पण नाही म्हणून मान हलवली आणि गावच्या अहिराणीत म्हणाला, "माले नको तुनी वायर. तुना बापनी माले चोर म्हनं. चोरले वायर कसाले?" तीनदा गेले, तीनदा हेच. कॅमेरा बसवताना शिडीवरून पडले असते तर इतकं लागलं नसतं.

आईला सांगितलं की मी काकाला खरं काय ते सांगणार आहे. ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेल्या माणसाचं नाव कशाला घाण करतेस?" मी म्हटलं, जिवंत माणसाचं वीस वर्षं घाण आहे ते धुवायला नको का? ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तर मी तो तुकडा रुमालासकट घेतला आणि परवा सकाळी काकाच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला नाही. बोटांनीच चाचपला. पिशवी, धागा, गाठ. गाठीपाशी त्याचा अंगठा थांबला, परत फिरला, परत थांबला. खात्यात बीमच्या मागे बसलेली मी त्यालाही माहीत होतेच की. "उलटी शे," तो म्हणाला. "तुनी शे हाई." मी हो म्हटलं. सगळं सांगितलं, काकूसाठी जोडली होती तेही सांगितलं. मला वाटलं होतं तो डोक्यावर हात ठेवील, जाऊ दे बाई म्हणेल. कसलं काय! म्हातारा खाटेची कड धरून उठला. "वीस वर्स! माले वीस वर्स चोर करं, नि तू वर चूप बठनी? मनी बायको मरी गई, तिलेबी नही सांगं?" मी रडले. त्यानं रडू दिलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबरच होतं त्याचं. मग खाली बसून हळूच विचारलं, "दादानी देखेल व्हती का हाई गाठ?" मी त्याला उत्तर दिलं. काय दिलं ते नंतर सांगते. उत्तर ऐकून त्यानं तो तुकडा मांडीवर ठेवला. शेवटी म्हणाला, "जठे त्यानी माले चोर म्हनं, तठेच उभी राहीसन सांग. मंग दे वायर."

मग सांगितलं. आज सकाळी, पाणी येतं त्या वेळेला, म्हणजे सगळी गल्ली नळावर. तुम्ही उभे होतात त्याच जागी उभी राहिले. आवाज तुमचाच आहे माझा, लूमच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा. म्हटलं, "सगळ्यांनी ऐका. माझ्या बापानं इथे उभं राहून काकाला चोर म्हटलं होतं. काकानं वायर जोडलीच नव्हती. मी जोडली होती. डबा मी जाळला. माझ्या बापाचं चुकलं आणि मी गप्प बसले, माझंही चुकलं." जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नव्या पोरांना काही कळेना, एक जण दुसऱ्याला विचारतो, "शुं थयुं? किसका डब्बा जला?" समोरची मावशी हंडा खाली ठेवून म्हणाली, "अगं बाई, एवढ्या वर्षांनी?" आणि मग काकाच्या ओट्यावर जाऊन त्याच्याशेजारी बसली, तुमच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. वर खिडकीत आई उभी होती. तिनं खिडकी लावली नाही. तुमचं नाव गेलं, आबा. जाऊ दे. काकाचं परत आलं.

वायर मात्र मी नीट दिली, ते ऐकून घ्या. दुकानात गेले तर गुजराती शेठ म्हणतो, "बेन, स्प्लिटर लई जाव ने, सस्तु पडशे." मी म्हटलं, शेठ, एका वायरच्या अशाच दोन फाट्यांनी आमच्या घरात वीस वर्षं जाळलीत, मला दोन तोंडांची एलएनबी द्या. एका छत्रीला एकच तोंड असावं असा कुठे नियम आहे? दोन तोंडांची मिळते. एका तोंडातून एक वायर आईच्या डब्याला, दुसऱ्यातून वेगळी वायर काकाच्या डब्याला. मधे कुठे जोड नाही, पीळ नाही. ज्याची त्याची वीज ज्याच्या त्याच्या वायरनं वर जाते, कुणी कुणाच्या पोटात शिरत नाही. आणि हात लावायच्या आधी दोन्ही घरांतले डबे बंद केले, नुसत्या रिमोटनं नाही, भिंतीतून पिना उपटून ठेवल्या. आईला सांगितलं, मी म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. होय, मी मशीन थांबवते. दर वेळेला थांबवते, आणि मी शिकाऊ नाही. वायरची टोकं सोलली, जाळीचा एक केसही आत वळला नाही ना ते उन्हात धरून बघितलं, पिना घट्ट बसवल्या, वर रबराची टोपी घातली. पाणी वायरवरून घरात शिरू नये म्हणून खिडकीबाहेर वायरीला खाली झोळ दिला. विजेच्या तारांपासून लांबून आणली. छत्रीच्या खांबाला जाड तांब्याची तार बांधून ती जमिनीत पुरली, हे तर तुम्ही कधीच केलं नव्हतंत. अजून वीज पडली नाही हे नशीब. तुम्ही मला जे शिकवलंत ते सगळं उलटं करून मी दोन डबे जोडले आणि दोन्ही चालले.

काका ओट्यावरून उठून आत आला, खाटेवर बसला. मी त्याच्या हातात रिमोट दिला. तो चॅनल फिरवत गेला, फिरवत गेला आणि मराठीवर थांबला. कुठलीशी मालिका होती, एक बाई दुसरीला कडक शब्दांत काहीतरी सुनावत होती. "हाई ती देखती," तो म्हणाला, म्हणजे काकू बघायची. मग त्यानं सिनेमा लावला. मी वर आले. आईनं न विचारता चहा ठेवला होता.

आता ते उत्तर. गल्लीत मी छाती काढून म्हणाले ना, ऐका सगळ्यांनी? काकाकडे जायच्या आदल्या रात्रभर मनात घोकलं होतं की काकाला एकेक गोष्ट सांगीन: गाठ, मूठ, भाताच्या उकळ्या, पेटी, रुमाल, सगळं. तुमची जरासुद्धा गय करायची नाही असं ठरवलं होतं. आणि तो मान खाली घालून, तुकड्यावरून अंगठा फिरवत विचारतो, दादानं पाहिली होती का ही गाठ? माझ्या तोंडून निघालं, "नाही काका. आबा वर गेलेच नव्हते. त्यांनी खालूनच वायर पाहिली आणि खिडकीपाशी कापली. हा तुकडा मला टाकीच्या मागे सापडला." तो म्हणाला, "मंग त्याले माहीतच नव्हतं." आणि किती वर्षांनी कोण जाणे, त्यानं तुम्हाला दादा म्हटलं. "दादाले माहीत नव्हतं."

हे पत्र तुमच्या पेटीत ठेवायचं म्हणून लिहायला बसले होते, रुमालाची जागा रिकामी झालीय तिथे. पण ते घरात राहिलं तर कधीतरी काकाचा मुलगा त्याला वाचून दाखवील. म्हणून आता फाडणार आहे. खोटं मी काकाचं मन राखायला बोलले असं आईला सांगितलं. ते खोटं आहे, आबा. मी तुमच्यासाठी बोलले.